इंग्लंडमधल्या खेड्यातली जुनी चर्च इतकी रिकामी का? बघायचं तरी काय?

तुम्ही लिहिलंय की मुलाकडे आल्यापासून चार खेड्यांतली मध्ययुगीन चर्च पाहिली आणि सगळीकडे पांढऱ्या भिंती, बाकं आणि वेदी, एवढंच दिसलं. पूर्व इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात राहायला आल्यावर पहिलं वर्ष माझंही असंच गेलं. मग कळलं की इथे, जे काढून टाकलंय त्याच्या खुणा शोधायच्या.

लोकांनी उभं राहायचं ती जागा म्हणजे नेव्ह, आपल्या भाषेत सभामंडप. पूर्वेला वेदीचा भाग म्हणजे चॅन्सेल, साधारण गाभारा. नेव्हची डागडुजी गावकऱ्यांच्या खर्चाने आणि चॅन्सेलची पाद्र्याच्या, अशी वाटणी होती. म्हणून लोकरीच्या व्यापारात पैसा आला तसे नेव्ह उंच झाले, मोठ्या खिडक्या आल्या, आणि चॅन्सेल पुष्कळदा बुटकंच राहिलं.

दोन्हींच्या मध्ये नक्षीदार लाकडी पडदा असे. त्यावर सज्जा, आणि वर क्रुसावरचा ख्रिस्त, बाजूंना मरिया आणि योहान. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेत, म्हणजे इंग्लंड रोमच्या पोपपासून फुटून मूर्तिपूजेविरुद्ध गेलं तेव्हा, आधी या मूर्ती गेल्या, 1561 च्या हुकुमाने सज्जेही उतरवले. सज्जावर जायचा भिंतीतला जिना मात्र कोण काढणार? तो बऱ्याच ठिकाणी अजून आहे. चढून जावं तर वरचं दार थेट हवेत उघडतं!

हे सगळं एका जागी बघायचं तर सफोकमधल्या वेनहॅस्टन गावच्या चर्चला जा. तिथे लाकडी फळ्यांवर अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा निवाडा करतो त्याचं, मोठं चित्र आहे, पंधराव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचं. नंतर त्यावर चुना फासला गेला. 1892 मध्ये दुरुस्तीच्या वेळी फळ्या कचरा म्हणून अंगणात टाकल्या, रात्री पाऊस झाला, चुना धुपला आणि सकाळी खाली माणसं दिसू लागली. सगळी उघडी, पण राजाच्या डोक्यावर मुकुट आणि बिशपच्या डोक्यावर टोपी तेवढी शिल्लक. चित्रकार खट्याळ असावा. नरकाचं तोंड म्हणजे जबडा वासलेला मासा. आणि मधोमध क्रूस आणि माणसांच्या आकाराच्या कोऱ्या जागा: पडद्यावरच्या त्या मूर्ती तिथेच ठोकलेल्या होत्या, म्हणून रंग लागलाच नाही. मी त्या कोऱ्या जागांसमोरच जास्त वेळ उभा होतो.

जवळच ब्लाइबरा गावचं चर्च आहे. 1644 मध्ये विल्यम डाऊसिंग, म्हणजे चर्चमधल्या मूर्ती-चित्रं मोडायला नेमलेला माणूस, छतावरचे लाकडी देवदूत काढायचा हुकूम देऊन गेला, तरी काही अजून पंख पसरून आहेत. त्याच्या शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ही गोष्ट ऐकाल. पण लाकडात सापडलेले छर्रे अठराव्या शतकातले, म्हणजे कावळ्यांच्या जातीचे पक्षी हाकलतानाचे. बाकांच्या टोकांवर पापं कोरली आहेत. आळस चक्क अंथरुणात बसलाय.

दाराजवळच्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडीकडेही बघा. काठावर लोखंडाच्या खुणा किंवा दगडाचा टवका दिसेल. पवित्र पाणी जादूटोण्यासाठी चोरीला जाऊ नये म्हणून झाकणाला कुलूप असायचं. वेदीच्या उजव्या भिंतीतला छोटा कोनाडा पूजेची भांडी विसळण्याचा. त्यातलं पाणी पवित्र मातीतच मुरायचं.

दुर्बीण न्या. छत उंच असतं आणि आत उजेड कमी.