ताटातून गाव विचारताना

प्रश्न : परळच्या आमच्या सोसायटीत कोकणातली, साताऱ्याकडची, सिंधी, गुजराती, इराणी अशी चाळीसेक माणसं घरचा पदार्थ आणून आपलं घराणं मुंबईत कसं आलं ते सांगतात. मागच्या खेपेला पंचवीस पदार्थ झाले, निम्मं अन्न उरलं आणि गप्पांची भाषणं झाली. यंदा काय बदलावं?

उत्तर : पदार्थ आठच ठेवा. माणशी 50 ग्रॅम, म्हणजे साधारण वाटीचा तिसरा हिस्सा धरला तर 40 जणांना एका घराकडून 2 किलो पुरतं, आणि तेवढं 5 लिटरच्या कुकरमध्ये होतं. आठ पदार्थांचे माणशी 400 ग्रॅम झाले की वेगळं जेवण लागत नाही. दोन-दोन पदार्थ वाढा. लोक चव घेत असतानाच त्या घरच्या माणसाने चार मिनिटं बोलावं. आधी सगळं वाढून मग बोलायला उभं केलं, तर कोणी ऐकत नाही.

भाषण होतं ते प्रश्नामुळे. ‘तुमची संस्कृती सांगा’ म्हटलं की माणूस सणवार मोजायला लागतो. त्याऐवजी विचारा : गावाहून आणलेलं काय आधी संपलं? मग त्याच्या जागी काय घातलं? स्थलांतर या बदलातच हाताला लागतं. इराणात चहा बिनदुधाचा पितात. मुंबईच्या इराणी हॉटेलात तो दुधाचा झाला. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, यांच्या धर्मनियमात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून कोकणात त्यांच्या रश्शाला नारळाचं दूध आलं. गिरणगावात एकटे आलेले कामगार एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत आणि महिन्याच्या हिशोबाने खाणावळीत जेवत. त्या घरांना हेही विचारा : बिऱ्हाड करेपर्यंत कुणाच्या हातचं जेवलात? खाणावळ चालवणाऱ्या बायांनी हजारोंना जगवलं, पण घराण्याच्या आठवणींत त्यांचं नाव क्वचितच येतं. ते मुद्दाम विचारून लिहून घ्या.

मुंबईच्या दमट हवेत शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. ओल्या नारळाचं वाटण सगळ्यात आधी आंबतं, ते शेवटी करा. प्रत्येक भांड्यापुढे चिठ्ठी ठेवा : शेंगदाणे, नारळ, अंडं, दूध, मासे यांपैकी काय आहे ते.

प्रश्न : माझ्या सासूबाई फाळणीनंतर लहानपणी सिंधमधून आल्या. त्यांची कढी सगळी ‘अंदाजाने’ असते. कृती आणि आठवण दोन्ही कशी उतरवून घ्यावी?

उत्तर : त्यांच्या हातात चमचे-मापं देऊ नका, हात अडखळतो. बेसनाचा डबा, तेलाची बुधली, चिंचेची वाटी आधी वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा, स्वयंपाक झाल्यावर पुन्हा ठेवा. फरक म्हणजे त्यांचा अंदाज. तीन वेळा केलंत की खरं माप मिळतं.

सिंधी कढीत ताक नसतं, आपल्या कढीची सवय असलेले इथेच फसतात. चौघांसाठी 40 ग्रॅम बेसन 3 मोठे चमचे तेलात मंद आचेवर 8 ते 10 मिनिटं, खमंग वास सुटून तांबूस होईपर्यंत परतायचं. कच्चं राहिलं तर कढीला पिठाचा वास येतो, करपलं तर कडवट होते. मग सव्वा लिटर गरम पाणी थोडं थोडं ओतत ढवळायचं. एकदम ओतलं की गुठळ्या होतात. शेवग्याच्या शेंगा, गवार, बटाटा शिजल्यावरच चिंचेचा कोळ घाला. आंबट आधी पडलं तर भाज्या लवकर मऊ होत नाहीत. भेंडी वेगळी परतून शेवटी. सासूबाई कुठल्या टप्प्यावर वास घेतात, कधी डाव उचलून धार पाहतात, तेही लिहा. कृतीचा जीव त्यात असतो.

बोलणं भाजी निवडताना सुरू करा, हात कामात असले की आठवणी सहज येतात. फोन घडी केलेल्या नॅपकिनवर, हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या. ‘फाळणीत काय झालं?’ असं थेट विचारू नका. कॅम्पात पहिली चूल कशावर पेटवली, पाणी कुठून आणायचे, हे विचारा. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, तिचंच 1949 मध्ये उल्हासनगर झालं. तुमच्या घरचे तिकडे राहिले असतील तर बराक, रेशन, शेजारी असे धागे निघतील. त्या गप्प झाल्या तर गप्प राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

प्रश्न : जैन कुटुंबं आणि मासे, एका हॉलमध्ये?

उत्तर : जमतं. टेबलं दोन टोकांना, डाव वेगळे आणि रंगीत दोरा बांधलेले. जैन पदार्थ आधी वाढा. गोंधळ होतो तो दुसऱ्या फेरीत, तेव्हा वाढायला प्रत्येक टेबलामागे एकच माणूस उभं करा.