"मॅडम, गोळीचा डोस वाढवून मिळेल का?"

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) पुढच्या स्टेजला गेलेल्या पेशंटच्या घरचे आले की हा प्रश्न ठरलेला. आई मारते, बाबा रात्रभर ओरडतात, आता आवरत नाही, डॉक्टरांना सांगून काहीतरी स्ट्राँग द्या. थकून गेलेली माणसं असतात, त्यांचं काही चुकत नाही.

अशीच एक मुलगी यायची. आईला अल्झायमर, बोलणं जवळपास बंद, आणि कपडे बदलायला घेतलं की किंचाळणं, चावणं, नखं मारणं. पहिल्यांदा आली तेव्हा मनगटावर ओरखडे होते.
"मीच सगळं करते आणि माझ्यावरच का चिडते ती?"
"दिवसभर चिडते?"
"दिवसभर."

हे सगळेच म्हणतात, म्हणून मी वहीत लिहायला सांगते, किती वाजता झालं आणि त्याच्या आधी नेमकं काय चाललं होतं. वही आली तर दुपार शांत, जेवताना शांत, चिडचिड फक्त कपडे घालताना आणि कूस बदलताना.
"कपडे घालताना म्हणजे कधी?"
"उजवा हात बाहीत घालताना."
"तेव्हा चेहरा कसा होतो?"

तिने करून दाखवलं, भुवया आक्रसल्या, ओठ घट्ट मिटले, आणि तशीच थांबली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तिला दुखतंय का?"

मी गप्प राहिले. हे तिचं तिला सापडायला हवं होतं, मी सांगितलं असतं तर अजून एक सल्ला म्हणून ऐकून घेतलं असतं तिने. डॉक्टरांनी तपासलं तर खांदा आखडलेला. त्यांनी ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल सुरू केलं, मुलीने पुढून उघडणारा गाऊन आणला, घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. ओरडणं पूर्ण थांबलं नाही पण मारणं गेलं, आणि मुलगी आईजवळ परत न घाबरता बसायला लागली.

माझं ठाम मत आहे की बोलता न येणारा माणूस शरीराने बोलतो. २०११ मध्ये नॉर्वेतल्या नर्सिंग होम्समध्ये ३५२ पेशंट्सवर अभ्यास झाला, त्यात नियमित वेदनाशामक मिळालेल्यांची, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉलच, अस्वस्थता ८ आठवड्यांत स्पष्ट कमी झाली. म्हणून आधी दुखणं, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, दात, भूक, न लावलेला चष्मा किंवा श्रवणयंत्र, खोलीतला गोंगाट हे बघा. चिडचिड संध्याकाळी वाढत असेल तर अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. समोरून या, एका वेळी एकच छोटं वाक्य बोला, वाद घालू नका, नाहीच जमलं तर थोड्या वेळाने परत प्रयत्न करा.

अँटिसायकोटिक गोळ्या, म्हणजे घरचे मागतात त्या 'स्ट्राँग' गोळ्या, कधीकधी लागतात, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तर लागतातच, पण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच दिलाय, आणि डिमेन्शियाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात तर त्या फार त्रासदायक ठरू शकतात. त्यामुळे कमीत कमी डोस, थोडे दिवस, आणि बंद कधी करायची हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका.

आणि कालपर्यंत ठीक असलेला माणूस एक-दोन दिवसांत अचानक बिथरला तर वही-बिही नको, इन्फेक्शन किंवा नवीन औषधाचा परिणाम असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.