'स्त्रियांची भूमिका' : नेमून दिलेली, बजावलेली की घेतलेली?

अमेरिकेतील परंपरावादी भाष्यकारांविषयीच्या लेखातले एक वाक्य देऊन एका वाचकाने विचारले आहे : 'समान हक्क दुरुस्तीच्या वादात स्त्रियांची भूमिका निर्णायक ठरली.' येथे 'भूमिका' म्हणजे स्त्रियांनी केलेले काम की त्यांनी धरलेली बाजू? आणि 'स्त्रियांच्या भूमिकेविषयी परंपरावाद्यांची भूमिका' ही रचना चालेल का?

व्याकरणाने ती चालेल, परंतु या विषयावर लिहिताना मी ती कटाक्षाने टाळतो. संस्कृतात भूमिका म्हणजे नटाने घेतलेले पात्र, तशीच पायरीही. वेदान्तात ज्ञानाच्या सात भूमिका सांगितल्या आहेत, त्या या दुसऱ्या अर्थाने. आजच्या मराठीत मात्र अर्थाची निवड बहुतेक वेळा क्रियापद करते. भूमिका वठवली, बजावली, पार पाडली म्हटले की काम समजते. घेतली, मांडली, बदलली म्हटले की मत समजते. 'निर्णायक ठरली' या क्रियापदाला दोन्ही अर्थ सारखेच जवळचे असल्यामुळे वाचक अडखळतो, आणि 'स्त्रियांची' यातली षष्ठी त्याला काहीच मदत करत नाही. शिवाय या वादात तिसरा अर्थ सतत डोकावतो, तो म्हणजे इतरांनी स्त्रीला नेमून दिलेले स्थान.

हे तिन्ही अर्थ एकाच व्यक्तीच्या बाबतीत किती वेगळे असू शकतात, हे अमेरिकेतील परंपरावादी नेत्या फिलिस श्लाफ्ली यांच्याकडे पाहिले की स्पष्ट होते. लिंगाच्या कारणावरून कायद्यापुढील समान हक्क नाकारले जाऊ नयेत, अशी ही समान हक्क दुरुस्ती, म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेतील प्रस्तावित दुरुस्ती, मार्च १९७२ मध्ये सिनेटने संमत केली आणि ती राज्यांकडे गेली. ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता आवश्यक होती. वाढवून दिलेली मुदत ३० जून १९८२ रोजी संपली तेव्हाही गाडी ३५ राज्यांपुढे सरकली नव्हती. हा विरोध संघटित करण्यात श्लाफ्ली आघाडीवर होत्या. पत्नी आणि माता हे स्त्रीचे मुख्य स्थान आहे, दुरुस्तीमुळे स्त्रियांवर सक्तीची लष्करभरती येईल आणि पतीकडून मिळणारा पोषणाचा हक्क जाईल, असे त्या सांगत. भाषणासाठी येऊ दिल्याबद्दल पतीचे आभार मानून सभेला सुरुवात करण्याची त्यांची पद्धत होती, आणि त्यांच्या कार्यकर्त्या इलिनॉयच्या आमदारांना घरी भाजलेला पाव आणि जॅम नेऊन देत. याच श्लाफ्लींनी १९५२ आणि १९७० मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, निवडणूक लढवली होती (दोन्ही वेळा त्या हरल्या), आणि १९७८ मध्ये, हा लढा ऐन भरात असताना, कायद्याची पदवीही मिळवली. आता 'श्लाफ्ली यांची भूमिका' एवढेच लिहिले तर त्यातून वाचकाने काय घ्यायचे? गृहिणीचे स्थान, देशभर चळवळ उभारणाऱ्या नेतीचे कार्य, की दुरुस्तीला असलेला विरोध?

म्हणून माझा आग्रह असा की 'भूमिका' हा शब्द मतासाठी राखून ठेवावा. नेमून दिलेल्या गोष्टीसाठी 'स्थान' किंवा 'कार्यक्षेत्र' लिहावे. घर स्त्रीचे आणि सार्वजनिक जीवन पुरुषाचे, ही या भाष्यकारांची जुनी मांडणी 'कार्यक्षेत्र' या शब्दात नेमकी बसते. प्रत्यक्ष केलेल्या कामासाठी 'कार्य', 'सहभाग', 'वाटा' हे शब्द आहेतच. विचारलेले वाक्य मी असे लिहीन : 'समान हक्क दुरुस्ती रोखण्यात परंपरावादी स्त्रियांच्या संघटित विरोधाचा मोठा वाटा होता.' मूळ वाक्यात दुरुस्तीसाठी झटणाऱ्या आणि तिला विरोध करणाऱ्या स्त्रिया एकाच शब्दाखाली झाकल्या जात होत्या, आणि माझ्या मते त्या वाक्याचा खरा दोष हाच आहे. स्त्रियांचे मत एकच असते असे गृहीत धरण्याची सवय जुनी आहे, आणि सैल शब्द तिला खतपाणी घालतात.

त्याच लेखातला 'राजकीय प्रभाव' हा शब्दप्रयोगही जपून वापरावा लागतो, कारण स्त्रियांच्या मताधिकाराच्या जुन्या वादात प्रभाव आणि अधिकार एकमेकांसमोर उभे केले गेले होते. स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणारी राष्ट्रीय संघटना १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. तिच्या पहिल्या अध्यक्ष जोसेफीन डॉज या स्त्रीच होत्या. पक्षांपासून दूर राहिल्यामुळेच स्त्रीच्या शब्दाला नैतिक वजन असते आणि मतदानात उतरल्यावर ते घटेल, असा त्या गोटातला एक प्रमुख युक्तिवाद होता. १९२० मध्ये एकोणिसाव्या दुरुस्तीने मताधिकार मिळाला तो असा युक्तिवाद बाजूला सारूनच. तेव्हा परंपरावाद्यांनी स्त्रियांचा 'राजकीय प्रभाव' नाकारला, असे सरसकट लिहिणे चुकीचे होईल. त्यांच्यापैकी अनेकांनी प्रभाव मान्य केला आणि अधिकार नाकारला; तेथे 'अधिकार' हाच शब्द हवा.