क्रीमच्या डबीवर ‘लिनालूल’ लिहिलंय, ते सुरक्षित आहे का?

बहुतेकांना काही होत नाही. लिनालूल हे सुगंधी द्रव्य तुमच्या ओळखीचंच आहे. धणे कुटताना जो वास दरवळतो तो मुख्यतः त्याचाच. गोम वेगळी आहे. हवा लागली की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून बनणाऱ्या हायड्रोपेरॉक्साइड नावाच्या संयुगांची काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. म्हणून युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्याहून, धुवून टाकायच्या साबणात ०.०१ टक्क्याहून जास्त असेल तर नाव छापावंच लागतं. नाव दिसलं म्हणजे विष, असं नव्हे. वर्षभर झाकण सैल राहिलेली डबी मात्र मी टाकून देईन. आधी कधी पुरळ उठलं असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट (त्वचेवर थोडा पदार्थ लावून ॲलर्जी तपासणं) करून घ्या. आणि हो, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लॅव्हेंडर तेलातही हेच भरपूर असतं.