‘निगेटिव्ह सिक्वेन्स’ला मराठीत काय म्हणावं?

फोंड्याच्या एका विज्ञानशिक्षिकेचा प्रश्न आहे: “मराठी विज्ञानलेखांचा संग्रह तपासताना ‘निगेटिव्ह सिक्वेन्स’ हा शब्द गणित, वीज-अभियांत्रिकी आणि रेणवीय जीवशास्त्र अशा तीन ठिकाणी आढळला. तिन्हीकडे ‘ऋण क्रमिका’ लिहिलं तर चालेल का?”

ताई, एकाच ठिकाणी चालेल, तेही जपून. समासाचा विग्रह करून पाहिला की कारण लगेच कळतं, कारण तिन्ही विषयांत विग्रह वेगळा होतो.

गणितात तो बहुव्रीही आहे: ऋण आहेत पदं जिची, ती क्रमिका. −1, −2, −3… इथे ऋणपणा पदांचा आहे, क्रमाचा नाही. ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने 628 साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण राशींचे नियम दिले, तोच अर्थ इथे नेमका बसतो. जपून अशासाठी म्हटलं, की 10, 7, 4, 1, −2… या क्रमिकेलाही विद्यार्थी ‘ऋण’ म्हणून मोकळे होतात. तिच्यात ऋण आहे तो सामान्य फरक, −3. ती घटती क्रमिका. फिबोनाचीची क्रमिका शून्याच्या मागे नेली तर 1, −1, 2, −3 अशी पदं मिळतात. तिथे क्रमांक ऋण असतात, पदं मात्र दोन्ही चिन्हांची. म्हणून मी ‘ऋणपदी क्रमिका’ लिहीन, म्हणजे शंकेला जागा उरणार नाही.

खरा घोळ विजेत आहे. तीन फेजच्या पुरवठ्यात आर, वाय, बी (लाल, पिवळा, निळा) हे फेज एकामागोमाग आपल्या शिखराला पोचतात. त्यांतल्या कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की क्रम आर, बी, वाय होतो आणि मोटर उलटी फिरते. हे प्रत्येक वायरमनला ठाऊक असतं. वेस्टिंगहाऊस कंपनीतल्या चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी 1918 साली असं दाखवून दिलं की तीन फेज कितीही असंतुलित असले तरी त्यांची फोड तीन संतुलित गटांत करता येते: एक सरळ क्रमाचा, एक उलट क्रमाचा, आणि एक असा की ज्यात तिन्ही फेज एकाच क्षणी शिखराला पोचतात. यातला दुसरा गट म्हणजे ‘निगेटिव्ह सिक्वेन्स’. त्याचं मूल्य शून्याच्या खाली कधीच जात नाही. त्याचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात आणि जितका जास्त, तितका घातक. म्हणजे विग्रह झाला ‘उलटा असा क्रम’, कर्मधारय. इथे कर्जाचा संबंधच नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. पावसाळ्यात फांदी पडून एक फेज जातो आणि कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) पंप उरलेल्या दोनांवर कण्हत राहतो. अशा वेळी उलट क्रमाचा प्रवाह सरळ क्रमाच्या प्रवाहाइतकाच होतो, प्रत्येकी तारेतल्या प्रवाहाच्या सुमारे 58 टक्के. उलट प्रवाहामुळे मोटरमध्ये विरुद्ध दिशेने फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते फिरण्याला विरोध करतं आणि मोटर तापत जाते. जनित्रात तर हे क्षेत्र रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, दुप्पट सापेक्ष वेगाने छेदतं, त्यामुळे 50 हर्ट्झच्या यंत्राच्या रोटरमध्ये 100 हर्ट्झचे प्रवाह उठतात आणि तो भाजून निघतो. हे सगळं ‘ऋण प्रवाह’ या नावाखाली छापलं तर वाचक मनात वजाबाकी करतो आणि धोका कमी झाला असं समजतो.

मला इथे ‘विलोम क्रम’ हाच शब्द योग्य वाटतो. अनुलोम-विलोम ही जोडी प्राणायामामुळे घराघरांत माहीत आहे आणि तिच्यात दिशेचाच अर्थ आहे. पहिला गट अनुलोम, दुसरा विलोम. तिसऱ्याला ‘शून्य क्रम’ म्हणतात, पण त्यात एकामागोमाग असं काही उरतच नाही, म्हणून मी ‘क्रमशून्य’ म्हणेन.

जीवशास्त्रात षष्ठी तत्पुरुष होतो: ऋण धाग्याचा क्रम. आरएनए विषाणूंमध्ये ज्याचा धागा पेशीतले रायबोसोम थेट वाचून प्रथिन बनवू शकतात तो धन, आणि ज्याची आधी पूरक प्रत काढावी लागते तो ऋण. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आलेल्या माकडतापाचा विषाणू धन गटातला, डेंगीचाही. रेबीजचा मात्र ऋण गटातला, म्हणून प्रत काढणारं विकर (एन्झाइम) तो स्वतःबरोबरच घेऊन पेशीत शिरतो. 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, तेव्हा या विषाणूवर आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं. असे लेख तुमच्या संग्रहात असतील, तर तिथे हा शब्द नक्की तपासा. एमआरएनएवर, म्हणजे प्रथिनाचा संदेश नेणाऱ्या धाग्यावर, बेसची अक्षरं ए-यू-जी असतील तर समोरच्या धाग्यावर यू-ए-सी असतं, आणि ते रीतीप्रमाणे पाच-प्राइम टोकापासून (धाग्याच्या सुरुवातीच्या मानलेल्या टोकापासून) लिहिलं की सी-ए-यू होतं. यात वजा काहीच नाही, नातं पूरकतेचं आहे. ‘ऋण धागा’ हा शब्द रुळला आहे, तो असू द्या, पण क्रमाला ‘पूरक बेसक्रम’ म्हणा. ‘क्रमिका’ इथे नकोच, ती संख्यांची.

याच विषयात आणखी एक वापर आहे. संगणकाला एखादी जनुकीय खूण ओळखायला शिकवताना ती खूण नसलेले क्रमही द्यावे लागतात, त्यांनाही ‘निगेटिव्ह सिक्वेन्स’ म्हणतात. ते सरळ ‘बिनखुणेचे क्रम’.

विजेच्या लेखात ‘विलोम क्रम’च्या शेजारी पहिल्या वेळी ‘निगेटिव्ह सिक्वेन्स’ देवनागरीत लिहा, कारण आयटीआयच्या मुलांना पॅनलवर तेच नाव दिसणार आहे. कोणी ‘विलोम’वर आक्षेप घेतला तर त्यांना विलोम क्रमाच्या दोषावरच्या रिलेचा (दोष ओळखणाऱ्या संरक्षक उपकरणाचा) प्रमाणित क्रमांक, 46, दाखवा. अमेरिकी मानकात त्या क्रमांकापुढे ‘रिव्हर्स फेज’ असंच लिहिलेलं आहे.