महत्त्वाचं प्रोटीन हळू बदलतं? थांबा जरा

प्रश्न: बॅक्टेरियातली काही प्रोटीन्स कोट्यवधी वर्षांत जवळपास तशीच राहिली आणि काही भराभर बदलली असं वाचलं. मग जे प्रोटीन जगायला जास्त गरजेचं ते हळू बदलत असणार, बरोबर ना?

उत्तर: वाटतं खरं तसं, आणि बरीच वर्षं संशोधकांनाही तसंच वाटायचं. 1977 साली ॲलन विल्सन हे जीवरसायनशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मांडलं होतं, की प्रोटीन बदलण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरणार, एक म्हणजे त्यातल्या किती जागा बदलल्या तरी काम अडत नाही, आणि दुसरं म्हणजे ते प्रोटीन अजिबात नसलं तर जीव जगतो का मरतो. ऐकायला एकदम पटतं. पण तेव्हा तपासायला साधनच नव्हतं.

नीट साधन आलं 2006 साली. जपानमधल्या संशोधकांनी ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाचे 4,288 जीन्स (जीन म्हणजे प्रोटीन बनवायची डीएनएतली सूचना) एकेक करून काढून टाकायचा घाट घातला, त्यातले 3,985 निघाले आणि 303 काही केल्या निघेनात, म्हणजे त्यांच्याशिवाय बॅक्टेरिया जगत नाही असं धरायचं. थोडक्यात, दहातले नऊ जीन्स प्रयोगशाळेतल्या आरामाच्या खाण्यापिण्यावर नसले तरी चालतं! (बाहेरच्या जगात चालेल असं नाही, ते वेगळं.) त्याच्याही आधी, 2002 मध्ये, तेव्हा हाताशी होत्या त्या अत्यावश्यक जीन्सच्या याद्या घेऊन तुलना झाली होती आणि अत्यावश्यक जीन्स थोडे हळू बदलतात असं दिसलंही होतं. झालं, प्रश्न मिटला असं वाटलं.

पण यात एक गोची आहे. जे अत्यावश्यक असतं ते बहुतेक वेळा पेशी ढिगानं बनवतही असते. मग वेग कमी कशामुळे, गरजेमुळे की ढिगामुळे? 2001 मध्ये यीस्टवर काम करणाऱ्यांनी दाखवलं की जे जीन्स जास्त वापरले जातात ते हळू बदलतात, आणि 2004 मध्ये रोशा आणि दांशँ या संशोधकांनी बॅक्टेरियात हेच तपासलं. ढिगाचा हिशोब वजा केल्यावर अत्यावश्यक असण्याचा परिणाम अगदीच फिका पडला. म्हणजे प्रोटीन किती महत्त्वाचं यापेक्षा त्याच्या किती प्रती बनतात हे जास्त मोजावं लागतं. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पटलंच नव्हतं, दोनदा वाचावं लागलं.

का असं? आकडे घेऊन बघू. पेशी प्रोटीन बनवताना चुका करतेच, काही हजार अमिनो ॲसिड (प्रोटीनच्या साखळीतले मणी) जोडली की एखादं चुकीचं बसतं. समजा 5,000 ला एक चूक धरली आणि प्रोटीन 400 अमिनो ॲसिडचं असलं, तर साधारण दर 12-13 प्रतींमागे एक प्रत चुकीची निघणार. आता ई. कोलायमधला लॅक रिप्रेसर घ्या, जो लॅक्टोज ही दुधातली साखर पचवायचे जीन्स बंद ठेवतो. पेशीत तो असतो जेमतेम दहाएक, प्रत्येकी चार तुकड्यांचा, म्हणजे चुकीचे तुकडे तीनचार, कोण विचारतंय! आणि याउलट ईएफ-टीयू, रायबोसोमकडे म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राकडे अमिनो ॲसिड पोचवणारं प्रोटीन, लांबी जवळपास तेवढीच पण संख्या लाखाच्या घरात, म्हणजे चुकीच्या प्रती आठेक हजार. प्रोटीनची साखळी नीट घडी पडली तरच काम करते, आणि त्यातल्या काहींची घडी नीट पडत नाही, त्या एकमेकींना चिकटतात, गोळे होतात, पेशीची साफसफाई त्यातच गुंतून पडते. म्हणून ईएफ-टीयूमधला अमिनो ॲसिडचा क्रम असा हवा की एखादं अमिनो ॲसिड चुकलं तरी घडी टिकावी, आणि तसे क्रम थोडेच असतात, त्यामुळे त्यातून हलायला जागा कमी. हे स्पष्टीकरण 2005 मध्ये ड्रमंड आणि सहकाऱ्यांनी दिलं.

पण मी ते शेवटचं उत्तर मानत नाही. 2010 मध्ये ई. कोलायला मुद्दाम लॅक्टोज फोडणारं एन्झाइम ढिगानं बनवायला लावलं, एकदा चांगलं आणि एकदा घडी बिघडलेलं, तर बिघडल्याचा फटका फारसा नव्हताच, त्रास होता तो नको असलेलं प्रोटीन बनवत बसण्याच्या खर्चाचा. मग दुसरं स्पष्टीकरण पुढे येतं: बदलामुळे प्रोटीन थोडं कमी काम करायला लागलं तर तेवढ्याच कामासाठी ते जास्त बनवावं लागणार, आणि आधीच लाखभर बनवणाऱ्या पेशीला ते परवडणार नाही. ढीग हे कारण नक्की, पण ढिगातलं नेमकं काय नडतं यावर अजून वाद आहे.

प्रश्न: बॅक्टेरिया वीस मिनिटांत दुप्पट होतात. मग त्यांची प्रोटीन्स आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेगाने बदलायला नकोत का?

उत्तर: पिढी झटपट आहे, मान्य, पण वीस मिनिटं हा प्रयोगशाळेतला लाडाचा वेग आहे, निसर्गात बऱ्याचदा उपासमार असते आणि पिढीला कितीतरी जास्त वेळ लागतो. शिवाय चुका कमी. ई. कोलायच्या जिनोममध्ये 46 लाखांच्या आसपास डीएनएची अक्षरं आहेत आणि एका पिढीत नवं म्युटेशन, म्हणजे अक्षरातला बदल, साधारण हजार पेशींत एखादीत येतं. आणि आलेलं प्रत्येक म्युटेशन प्रोटीनमध्ये दिसतंच असं नाही. डीएनएची तीन-तीन अक्षरं एकेक अमिनो ॲसिड ठरवतात; जीएए चं जीएजी झालं तरी बनतं ग्लुटामेटच, पण तेच जीटीए झालं की व्हॅलाइन बसतं. म्हणून वेग मोजताना अमिनो ॲसिड बदलणारे आणि न बदलणारे फरक वेगवेगळे मोजून त्यांचं गुणोत्तर बघतात.

म्युटेशन वाढलं की काय होतं हे बघायला रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग भारी आहे. 24 फेब्रुवारी 1988 ला त्यांनी ई. कोलायच्या बारा फ्लास्कनी सुरुवात केली, रोज शंभरातला एक भाग नव्या द्रवात टाकायचा, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. बारापैकी सहा वंशांमध्ये डीएनएची दुरुस्ती वगैरे सांभाळणारे जीन्सच बिघडले आणि म्युटेशनचा दर प्रचंड वाढला. म्हणजे म्युटेशनच्या घड्याळाचा वेगसुद्धा बदलू शकतो. पण सगळ्या प्रोटीन्ससाठी तो एकदमच बदलतो, त्यामुळे एक प्रोटीन दुसऱ्यापेक्षा हळू का, हे त्यातून कळत नाही.

लोकसंख्येचं मात्र महत्त्व फार. मावा या पिकांवरच्या किडीच्या पोटात बुचनेरा नावाचा बॅक्टेरिया राहतो, 15 कोटींहून जास्त वर्षं आईकडून पिल्लाकडे जातोय, आणि प्रत्येक वेळी मूठभर पेशीच पुढे जातात. एवढ्या छोट्या गटात नैसर्गिक निवडीला धार राहत नाही, थोडंसं वाईट म्युटेशनही नशिबानं टिकून जातं, म्हणून किड्याबाहेर राहणाऱ्या भावंड बॅक्टेरियांपेक्षा बुचनेराची प्रोटीन्स वेगानं बदललीत, तीही चांगली होऊन नव्हे, कमकुवत होऊन. आणि तो ग्रोएल हे प्रोटीन भरमसाट बनवतो. ग्रोएलचं काम इतरांच्या बिघडलेल्या घड्या सावरायचं! ज्या प्रोटीन्सना घडीसाठी ग्रोएल लागतंच ती इतर बॅक्टेरियातही थोडी सैल सोडल्यासारखी बदलतात असं दिसलंय, टेकू असला की चुका खपतात.

प्रश्न: मग औषध-प्रतिकार इतका पटकन कसा येतो? तिथे तर अत्यावश्यक प्रोटीनच बदलतं ना?

उत्तर: बदलतं, पण पूर्ण नाही. रिफाम्पिसिन हे टीबीवरचं औषध आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे जीनची आरएनए प्रत काढणाऱ्या प्रोटीनला चिकटतं, जे अत्यावश्यकही आहे आणि हळू बदलणारंही. टीबीच्या जंतूमध्ये रिफाम्पिसिनला दाद न देणारे बहुतेक बदल rpoB म्हणजे आरपीओबी या जीनच्या फक्त 81 अक्षरांच्या पट्ट्यात सापडतात, त्यातला एक नेहमीचा म्हणजे सेरीनच्या जागी ल्यूसीन. बाकीचं प्रोटीन जिथल्या तिथे. आपण सरसकट ‘हळू’ म्हणतो तो अख्ख्या प्रोटीनचा सरासरी वेग असतो, आत मात्र एखादी जागा औषध आल्याबरोबर उडी मारते आणि शेजारची हलतसुद्धा नाही. पेशीच्या बाहेर डोकावणाऱ्या प्रोटीन्समध्ये हा फरक अजून ठळक असतो, बाहेरचे लूप भराभर बदलतात कारण बॅक्टेरियाला मारणारे व्हायरस तिथेच येऊन चिकटतात, आणि पेशीच्या पडद्यात रुतलेला भाग तसाच राहतो.