सासऱ्यांच्या डब्यातली मेट्रोजिल

प्रश्न : सासऱ्यांच्या औषधांच्या डब्यात मेट्रोजिल ४०० ची स्ट्रिप कायम असते. बाहेरचं खाऊन जुलाब लागले की दोन गोळ्या घेतात, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की बंद. घरात कुणाचंही पोट बिघडलं की तीच, नातवाला अर्धी. त्यांचं व्हॉल्वचं ऑपरेशन झालंय, रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू आहे. विचारलं तर म्हणतात, इतकी वर्षं घेतोय, काही झालं नाही. हे चालतं का?
(एक वाचक, धायरी)

उत्तर : ताई, आधी वॉरफेरिनचं बघू, बाकीचं नंतर. मेट्रोजिल, फ्लॅजिल म्हणजे मेट्रोनिडाझोल, आणि ते पोटात गेलं की वॉरफेरिन शरीरातून नेहमीसारखं बाहेर पडत नाही, मग त्याचा असर वाढतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा तपासणीतला आकडा) चढतो आणि कुठूनही रक्तस्राव होऊ शकतो. हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी त्यांनी अजिबात घ्यायची नाही. एवढ्यात घेतली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा आणि आयएनआर कधी तपासायचा ते विचारा. हिरड्यांतून रक्त, काळी शी, लालसर लघवी यातलं काही दिसलं किंवा डोक्याला मार लागला तर फोन वगैरे नको, सरळ हॉस्पिटल.

आता जुलाब. हे औषध ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढणाऱ्या जंतूंवर चालतं, म्हणजे अमीबा, जिआर्डिया आणि काही बॅक्टेरिया. गंमत अशी की गोळी आत गेल्यावर तो जंतूच तिला 'चालू' करतो आणि मग ती त्याचाच डीएनए तोडते. व्हायरसमध्ये ही सोयच नाही, त्यामुळे रोटा किंवा नोरोव्हायरसच्या जुलाबावर ती घेऊन काही होत नाही. २०२५च्या सुरुवातीला तुमच्याच सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडू शकतात तो आजार) पेशंट वाढले होते, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा बॅक्टेरिया आणि नोरोव्हायरस सापडले, आणि या दोन्हींसाठी मेट्रोजिल द्यायची नसते. मग सासऱ्यांना बरं कसं वाटतं? बरेचसे जुलाब दोन-तीन दिवसांत आपसूक थांबतात आणि श्रेय गोळीला जातं, एवढंच.

खरंच अमीबा असेल तर दोन गोळ्यांनी भागत नाही. डॉक्टर साधारण ५ ते १० दिवसांचा कोर्स देतात, आणि आतड्यात उरलेल्या सिस्टसाठी (कवचातल्या अमीबासाठी) त्यानंतर वेगळं औषध लागतं. अर्धवट सोडलं तर अमीबा राहतो आणि कधीकधी लिव्हरपर्यंत जाऊन तिथे पू करतो. शीतून रक्त-शेंब पडत असेल, ताप असेल तर तपासणी करा, अंदाजाने गोळी नको.

नातवाला अर्धी गोळी हा तर हिशोबच नाही, मुलांचा डोस वजनावर ठरतो. त्याला ओआरएस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्या. लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं तर थांबू नका. आणि ही प्रिस्क्रिप्शनवरच मिळायची गोळी आहे, ओळखीचा केमिस्ट देतो म्हणून डब्यात साठवायची नाही.

प्रश्न : दाढेच्या इन्फेक्शनला डेंटिस्टने हीच गोळी दिलीये. पोटाची गोळी दाताला कशी? तोंडात लोखंड चघळल्यासारखं लागतंय, लघवी पण गडद होतेय. आणि खरं विचारायचं म्हणजे कोर्स गुरुवारी संपतोय, शनिवारी मित्राची पार्टी आहे, चालेल का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : दाताखालचे बरेच जंतूही ऑक्सिजनशिवायच वाढतात, म्हणून दिली. हे कळलं ते योगायोगाने. १९६०च्या सुमारास हे औषध आलं ते योनिमार्गाच्या ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीच्या इन्फेक्शनसाठी, आणि १९६२मध्ये इंग्लंडात अशाच एका पेशंटच्या हिरड्याही त्याने बऱ्या झाल्याचं दिसलं.

चव आणि लघवीचा रंग औषधामुळे, कोर्स संपला की जातं. पण हातापायाला मुंग्या आल्या, बधीर वाटलं, तोल जायला लागला तर लगेच डॉक्टरांना सांगा, जास्त दिवस घेतल्यावर नसांना त्रास होऊ शकतो.

पार्टीला जा, पण प्यायची नाही. शेवटच्या गोळीनंतर निदान ३ दिवस दारू बंद ठेवायला सांगतात, नाहीतर उलट्या, धडधड, चेहरा लाल असलं होऊ शकतं. ही रिॲक्शन वाटत होती तितकी नेहमीची नाही असं हल्ली काही डॉक्टर म्हणतात, तरी इशारा कायम आहे आणि मला तो मोडायचं कारण दिसत नाही. गुरुवारी रात्री शेवटची गोळी, म्हणजे रविवार रात्र उलटू द्या. अल्कोहोल असलेलं कफ सिरपही त्यात आलं.